प्रवेशपरीक्षा नसलेली विज्ञानशाळा

बडोद्यात विज्ञान आणि अभियांत्रिकीला वाहिलेली सार्वजनिक माध्यमिक शाळा असावी का, या प्रश्नाला माझे उत्तर होकारार्थी आहे. मात्र त्या होकाराला एक अट जोडलेली आहे आणि ती मान्य होणार नसेल तर शाळा न काढलेलीच बरी, असेही माझे मत आहे. नववीत प्रवेश देताना या शाळेने चाळणी परीक्षा घेऊ नये. ज्या मुलामुलींना यंत्रे उघडून पाहण्याची, मोजमाप करण्याची, काही घडवण्याची हौस आहे त्यांचे अर्ज मागवावेत आणि जागांपेक्षा अर्ज जास्त आले तर सरळ चिठ्ठ्या टाकाव्यात. विज्ञानाच्या शाळेत हुशारी न पाहता प्रवेश, हे ऐकायला विचित्र वाटते याची मला कल्पना आहे. म्हणूनच हे सविस्तर मांडणे भाग आहे.

आधी गरजेचा विचार. बडोदा हे गेली साठ वर्षे उघडउघड कारखान्यांचे शहर आहे. कोयलीची रिफायनरी १९६५ साली सुरू झाली, जीएसएफसी ही खतांची आणि आयपीसीएल ही पेट्रोकेमिकलची कंपनी त्याच सुमारास उभ्या राहिल्या, मकरपुऱ्याच्या जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत लेथ आणि प्रेसची शेकडो लहान युनिट्स वाढली आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तर सी-२९५ जातीच्या विमानांची जुळणी करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. अशा या शहरात नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या शाळेत शिकणाऱ्या मुलाची सरकारी वाट मुख्यतः आठवीपर्यंतच जाते. नववीला त्याने ग्रँटेड म्हणजे अनुदानित शाळा शोधायची, दहावीनंतर सायन्स घ्यायचे म्हटले की बहुतेक वेळा सेल्फ फायनान्स म्हणजे विनाअनुदानित शाळेची फी भरायची आणि तिच्याशिवाय ट्यूशनची वेगळी. १९८६ साली निघालेली नवोदय विद्यालये या मुलाच्या फारशा उपयोगाची नाहीत, कारण तिथल्या किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागासाठी आहेत. रिफायनरीच्या ज्वाळा घराच्या गच्चीवरून पाहत मोठ्या होणाऱ्या कामगाराच्या मुलीला तिथे आत काय चालते हे शिकवणारी सार्वजनिक शाळा या शहरात असावी, ही अपेक्षा अवाजवी म्हणता येणार नाही.

तंत्रशिक्षणाचा विषय निघाला की आपण बडोदेकर मराठी मंडळी लगेच सयाजीरावांचे नाव घेतो आणि बहुधा तिथेच थांबतो. महाराजांनी १८९३ साली अमरेली तालुक्यात सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण सुरू केले आणि १९०६ पासून ते राज्यभर लागू केले, हे आपल्याला पाठ असते. कलाभवनाचे नावही ठाऊक असते. पण ते कशासाठी काढले होते याचा विसर पडलेला दिसतो. १८९० साली त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली ही संस्था सुरू झाली, तेव्हा तिथे रंगकाम, विणकाम, यंत्रकाम, चित्रकला हे विषय एका छपराखाली होते. कारागिराच्या हातातल्या कौशल्याला शास्त्राचा आधार मिळावा आणि शास्त्र शिकलेल्याच्या हाताला काम यावे, हा त्यामागचा हेतू होता. रसायनशास्त्र शिकवायचे ते कापड रंगवता यावे म्हणून, आणि कापड रंगवताना रंग का उडतो हे कळावे म्हणून पुन्हा रसायनशास्त्र. गज्जर पुढे मुंबईला गेले. १९०७ साली कोटिभास्कर आणि अमीन यांच्यासह ज्या अलेम्बिक या औषधकंपनीच्या स्थापनेत त्यांचा वाटा होता, तो कारखाना बडोद्यातच वाढला. दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले, आणि चित्रकला, छायाचित्रण व यंत्र यांची त्यांच्या ठायी जी सांगड पडली ती अशा संस्थेतच पडू शकते, असे मला वाटते. आज त्या वास्तूत महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा आहे. ती चांगलीच आहे. पण तिच्यापर्यंत पोहोचण्याची वाट मात्र कलाभवनाच्या मूळ कल्पनेच्या नेमकी उलट दिशेने वळलेली आहे.

ही वाट म्हणजे अकरावी-बारावी सायन्स. कोणत्याही घरातल्या मुलाला त्याचे प्रॅक्टिकलचे जर्नल मागून पाहावे. साधा लंबक, मीटर ब्रिज, स्क्रू गेज, आम्ल आणि अल्कलीचे टायट्रेशन, सगळे प्रयोग सुवाच्य अक्षरात लिहिलेले असतात, आकृत्या पेन्सिलने नेटक्या काढलेल्या असतात आणि गुरुत्वत्वरणाचे उत्तर दर वेळी ९.८ च्या इतके जवळ येते की न्यूटनलाही संकोच वाटावा. यातली कित्येक रीडिंग्ज उपकरणाला हात न लावता मागच्या वर्षीच्या जर्नलमधून उतरवलेली असतात, हे मुलांना, शिक्षकांना आणि परीक्षकांना सारखेच ठाऊक असते. याचा दोष एकट्या शिक्षकावर टाकणे अन्यायाचे होईल. ज्या जेईईवर सगळ्यांचे डोळे लागलेले असतात तिच्यात प्रत्यक्ष प्रयोग करण्याला एकही गुण नाही. मग प्रयोगशाळेत दोन तास घालवणे म्हणजे मुलाचे नुकसान करणे, असा हिशेब पालक मांडतात आणि तो चूक आहे असे म्हणता येत नाही. त्या हिशेबाचे टोक म्हणजे डमी शाळा. तिथे मुलाचे नाव फक्त पटावर असते आणि मूल दिवसभर क्लासमध्ये असते. म्हणजे विज्ञानाचे शिक्षण शाळेतून उठून क्लासमध्ये गेले आणि तिथे प्रयोगशाळाच नसल्यामुळे ते शिक्षण प्रयोगावाचून पुरे झाले, असे सर्वांनी मिळून ठरवून टाकले.

दुसरीकडे, अभियांत्रिकीची जागा मिळणे ही आता दुर्मीळ गोष्ट राहिलेली नाही. गुजरातमधल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत दरवर्षी हजारो जागा रिकाम्या राहतात. तुटवडा आहे तो मूठभर नामांकित संस्थांतल्या जागांचा आणि कामाला हात लावू शकणाऱ्या पदवीधरांचा. यातला पहिला तुटवडा नवीन शाळेने भरून निघणार नाही, कारण त्या जागा शाळेमुळे वाढत नाहीत. फक्त त्या कोणाला मिळाल्या एवढेच बदलते. दुसरा तुटवडा मात्र शाळेच्या आवाक्यातला आहे. म्हणून सार्वजनिक पैशाने काढलेल्या विज्ञानशाळेने कोणते काम अंगावर घ्यावे, हे मला पुरेसे स्पष्ट दिसते. अडचण अशी की ती शाळा कोणते काम करील हे तिच्या उद्दिष्टांच्या पत्रकावर ठरत नाही. ते ठरते तिच्या प्रवेशाच्या रीतीवर.

याचा सर्वांत बोलका पुरावा न्यूयॉर्कचा आहे. तिथली स्टायव्हेसंट ही आज जगभर नावाजलेली सरकारी विज्ञानशाळा १९०४ साली निघाली ती मुलांना हस्तकाम शिकवणारी शाळा म्हणून. १९२२ सालच्या ब्रुकलिन टेकमध्ये तर ओतकामाची भट्टी होती. १९३८ साली ब्राँक्स सायन्स निघाली आणि तिचे नऊ माजी विद्यार्थी आजवर नोबेल विजेते झाले, त्यांपैकी सात भौतिकशास्त्रातले. हा कोणाही शहराला हेवा वाटावा असा वारसा आहे आणि तो मी कमी लेखत नाही. पण अर्जांची संख्या वाढू लागली तशी प्रवेशपरीक्षा आली आणि १९७१ साली राज्याच्या कायद्यानेच असे ठरवले की या शाळांत प्रवेश फक्त एका लेखी परीक्षेवर मिळेल. शाळेतले गुण, शिक्षकाचे मत, मुलाने केलेले काम यांपैकी काहीही पाहायचे नाही. आज आठवीतली पंचवीस हजारांच्या आसपास मुले दरवर्षी ही परीक्षा देतात. तिच्यासाठी क्लास निघाले, क्लाससाठी आधीचे क्लास निघाले, आणि २०१९ साली स्टायव्हेसंटने देऊ केलेल्या ८९५ जागांपैकी कृष्णवर्णीय मुलांच्या वाट्याला सात आल्या. शहरातल्या सरकारी शाळांत त्या समाजाची मुले तेव्हा सुमारे चौथा हिस्सा होती.

या आकड्यावरून परीक्षेलाच सर्वस्वी दोष देणे सोपे आहे, पण ते खरे नाही. त्याच परीक्षेने आशियातून आलेल्या स्थलांतरितांच्या, दोन खोल्यांत राहणाऱ्या गरीब घरांतल्या अनेक मुलांना दार उघडून दिले आहे आणि ती रद्द करा म्हटले की सर्वांत आधी रस्त्यावर उतरतात ते हेच पालक. ओळखपाळख, शिफारस आणि इंग्रजी बोलण्याची ऐट यांच्यापेक्षा कागदावरची परीक्षा निष्पक्ष असते, हा त्यांचा युक्तिवाद आपल्याकडच्या कोणाही मध्यमवर्गीय मराठी माणसाला तत्काळ पटेल. आपल्या आजोबा-पणजोबांनी नोकऱ्या मिळवल्या त्या अशाच परीक्षांच्या जोरावर. व्हर्जिनियातल्या थॉमस जेफरसन या तशाच शाळेने २०२० साली परीक्षा काढून टाकली तेव्हा पालक न्यायालयात गेले आणि २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार देईपर्यंत तो वाद चालला. एकदा चाळणी बसवली की ती काढणे किती कठीण असते, एवढा बोध आपण यातून घेतला तरी पुरे. आपल्याकडे अजून चाळणी बसलेली नाही. ती न बसवणे आजच शक्य आहे.

यावर येणारा मुख्य आक्षेप असा की हुशार मुलांना हुशार मुलांची संगत मिळाली तरच ती फुलतात आणि चिठ्ठ्या टाकून जमवलेल्या वर्गात ही संगत मिळणार नाही. या आक्षेपात तथ्य किती, हे तपासण्याचा एक चांगला प्रयत्न अर्थशास्त्रज्ञ जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आहे. न्यूयॉर्क आणि बॉस्टनच्या परीक्षा घेणाऱ्या शाळांत जी मुले अगदी थोडक्या गुणांनी आत आली आणि जी तितक्याच थोडक्या गुणांनी बाहेर राहिली, त्यांची पुढची वाटचाल त्यांनी पडताळून पाहिली. दोन्ही गटांत प्रवेशापूर्वी काही फरक नव्हताच. एकाला नामांकित शाळा आणि हुशार सोबती मिळाले, दुसऱ्याला मिळाले नाहीत. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की पुढच्या परीक्षांतल्या गुणांत दोघांत जवळजवळ फरक पडला नाही. हा निष्कर्ष सीमारेषेवरच्या मुलांपुरता आहे. गणितात असामान्य गती असलेल्या एखाद्या मुलीला तिच्यासारखी दुसरी भेटली तर काय होते, हे त्यातून कळत नाही, आणि अशा मुलीसाठी काहीतरी वेगळे हवेच. पण त्यासाठी तिला आणि तिच्यासारख्या पाचदहा जणांना विद्यापीठाच्या गणित विभागात शनिवारी बसता आले तर काम होते. तिच्या नावाखाली चारशे मुलांची शाळा परीक्षेच्या ताब्यात देण्याचे कारण नाही. चाळणी लावून शाळा उत्तम निकाल देते तेव्हा त्या निकालातले शाळेचे किती आणि चाळणीचे किती, हे कोणी विचारत नाही. आपल्या शहरातल्या नामवंत शाळांबद्दलही हा प्रश्न विचारून पाहावा.

मग चिठ्ठ्या कशा टाकाव्यात, तर डोळे झाकून नव्हे. आठवीच्या उन्हाळ्यात इच्छुक मुलांसाठी तीन आठवड्यांची कार्यशाळा ठेवता येईल. संध्याकाळच्या वेळी, म्हणजे जी मुले आईबरोबर कामाला जातात किंवा धाकट्या भावंडांना सांभाळतात त्यांनाही येता येईल. तिथे मुलांनी जुना पंखा खोलून पुन्हा जोडावा, विटांच्या भिंतीचा ओळंबा पाहावा, नळाच्या पाण्याचा जडपणा मोजावा. गुण द्यायचे नाहीत, कोणाला नापास करायचे नाही. जो शेवटपर्यंत आला त्याचे नाव चिठ्ठीत. ज्याला हे काम रुचत नाही तो पहिल्या आठवड्यातच आपणहून गळतो. अर्ध्या जागा समितीच्या शाळांतून येणाऱ्या मुलांसाठी राखाव्यात आणि निम्म्या मुली असाव्यात. याविषयी अधिक वाद घालण्याची गरज मला वाटत नाही. शिक्षण हक्क कायद्याने आठवीपर्यंतच्या प्रवेशात चाळणी परीक्षेला बंदी घातलेली आहे आणि खाजगी शाळांतल्या २५ टक्के जागांवर गुणांवाचून प्रवेश होतो, हे गुजरातच्या पालकांना चांगले ठाऊक आहे. सरकारी योजनेतल्या घरांचा ड्रॉ लोक निमूटपणे मान्य करतात. नशिबाने जागा हुकली तर मूल निराश होते, हे खरे. पण आपण ‘ढ’ आहोत असा शिक्का घेऊन ते घरी जात नाही, आणि तेराव्या वर्षी हा फरक लहान नसतो.

असा वर्ग जमला की पुढचे आपोआप घडेल, असे मात्र नाही. त्यातल्या काही मुलांना अपूर्णांकही धड येत नसतील आणि काही जण बीजगणितात पुढे गेलेले असतील. नववीचे पहिले सत्र हे अंतर भरून काढण्यात जाईल हे धरूनच वेळापत्रक आखावे लागेल. त्या वेळापत्रकात आठवड्याचे दोन पूर्ण दिवस वर्कशॉपचे हवेत. नव्या शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीत दप्तराविना दहा दिवस सुचवले आहेत. ते ठीकच, पण वर्षातले दहा दिवस सुतारकाम पाहून येणे म्हणजे सहल झाली, शिक्षण झाले नाही. लेथवर एक शाफ्ट हव्या त्या मापात उतरवताना मायक्रोमीटर कसा धरायचा, दहावे रीडिंग नवव्यापेक्षा वेगळे का आले, गरम झालेला धातू मोजला तर माप का चुकते, हे कळायला मुलाला त्याच मशिनवर महिनोन्‌महिने उभे राहावे लागते. मोजमापातली चूक ही लपवण्याची गोष्ट नसून वहीत लिहून ठेवण्याची गोष्ट आहे, ही विज्ञानाची पहिली शिस्त त्या जर्नल उतरवण्याच्या सवयीने मारली गेली आहे. ती परत आणायची तर खऱ्या यंत्रांवर, खऱ्या चुकांसह काम करण्यावाचून उपाय नाही.

विषयांची तर या शहरात वाण नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदीचे पाणी घराघरांत शिरले आणि पाण्याबरोबर मगरीही सोसायट्यांच्या दारात आल्या. त्या पुराचे गणित शाळेतल्या मुलांनी करून पाहावे इतके जवळचे दुसरे उदाहरण कुठले मिळणार? पात्राची रुंदी, पुलाखालची उंची, आजवा तलावाची पातळी आणि शहरात पडलेला पाऊस यांच्या नोंदी ठेवायला लाखोंची उपकरणे लागत नाहीत. सयाजीरावांच्या काळात बांधलेल्या आजव्याचे पाणी पंपावाचून केवळ उताराने शहरात आणले होते. ते कसे साधले हे नकाशावर उंचीच्या रेषा काढून दहावीच्या वर्गाला शोधता येईल. नंदेसरीच्या रासायनिक कारखान्यांचे सांडपाणी कालव्याने पार खंभातच्या आखाताकडे नेले जाते. त्या पाण्यात काय असते आणि ते वाटेतल्या विहिरींत उतरते का, हा प्रश्न काही लोकांना अडचणीचा वाटेल. सार्वजनिक शाळेने तो विचारण्याची मोकळीक ठेवली नाही तर तिला विज्ञानशाळा म्हणण्यात अर्थ उरणार नाही. कारखान्यांनी यंत्रे देणगीत द्यावीत, अवश्य द्यावीत. पण देणगीबरोबर शाळेच्या समितीवर खुर्ची देऊ नये.

शिक्षकांचा प्रश्न मात्र खरोखर अवघड आहे आणि या कल्पनेचे तारू फुटले तर बहुधा याच खडकावर फुटेल. आजचे भरतीचे नियम असे आहेत की माध्यमिक शाळेत शिकवायला बीएड लागते. रिफायनरीत तीस वर्षे पंपांची देखभाल केलेला फिटर, किंवा मकरपुऱ्यात डाय बनवण्यात आयुष्य घालवलेला टूलमेकर नववीच्या वर्गावर उभा राहू शकत नाही. आणि ज्याच्याकडे बीएड आहे त्याने बहुधा लेथ चालवलेला नसतो. गोरवा आणि तरसालीच्या आयटीआयमध्ये असे शिक्षक आहेत, पण आयटीआय वेगळ्या खात्याची आणि शाळा वेगळ्या खात्याची. वर्कशॉपच्या शिक्षकासाठी स्वतंत्र पद, स्वतंत्र पात्रता आणि इतर शिक्षकांइतकाच पगार, एवढे राज्य सरकारकडून मंजूर करून घेतल्याशिवाय महापालिकेने इमारतीची निविदा काढू नये. ज्ञानसहायक योजनेसारख्या अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नेमलेल्या शिक्षकांकडून हे काम होणार नाही. वर्कशॉपमध्ये तिसऱ्या वर्षी मुलांची जी पकड बसते ती शिक्षकाच्या सातत्याने बसते, आणि दर जूनमध्ये नवा चेहरा दिसणार असेल तर मुले पुन्हा जर्नल उतरवायला लागतील.

माध्यमाविषयी थोडेच बोलतो. नववी-दहावी गुजरातीतून आणि अकरावीपासून हळूहळू इंग्रजीकडे, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो. गज्जरांनी देशी भाषांतून तंत्रविद्येची पुस्तके करून घेण्याचा खटाटोप केला होता, तो अर्धवटच राहिला. मराठी माध्यमातून येणाऱ्या मुलांची संख्या आता इतकी रोडावली आहे की त्यांच्यासाठी वेगळ्या तुकडीची मागणी करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. त्यांना पहिल्या सत्रात भाषेसाठी आधाराचे तास मिळाले तर पुरे.

आणि शेवटी निकाल. अशा शाळेची पहिली तुकडी बारावी होईल तेव्हा जूनमधल्या वर्तमानपत्रांत क्लासवाल्यांच्या पानभर जाहिराती असतील, त्यांत टाय लावलेल्या मुलांची छायाचित्रे आणि ऑल इंडिया रँक असतील, आणि आपल्या शाळेचे नाव त्यांत बहुधा नसेल. तिच्यातली काही मुले डिप्लोमाला जातील, काही पदवीला, एखादी मुलगी मकरपुऱ्यात कामाला लागेल आणि संध्याकाळी शिकेल. त्या दिवशी कोणी नगरसेवक सभेत उठून विचारील की एवढा खर्च करून आयआयटीला किती गेले. त्या प्रश्नाचे उत्तर महापालिकेने शाळा उघडण्यापूर्वीच ठरावात लिहून ठेवावे: पहिली सहा वर्षे या शाळेचे मूल्यमापन प्रवेशपरीक्षांतल्या यशावरून केले जाणार नाही, आणि चिठ्ठीत नाव असूनही ज्यांना जागा मिळाली नाही त्यांच्याशी तिच्या विद्यार्थ्यांची तुलना करून, गळती किती, काम कोणाला येते, पुढे शिक्षणात कोण टिकले, एवढेच पाहिले जाईल. चिठ्ठ्यांच्या प्रवेशाचा हा एक वेगळाच फायदा आहे की अशी तुलना करता येते. परीक्षेने निवडलेल्या शाळेत ती कधीच नीट करता येत नाही.